किरमिजी किडा आणि फड्या निवडुंग

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला असलेल्या डॉ. जेम्स अँडरसन यांना १७८६ साली किनाऱ्याजवळच्या खारट गवतावर काही किडे सापडले आणि घबाड हाती लागले अशी त्यांची खात्री पटली. हे किरमिजी रंग देणारे कोचिनीलचे किडे आहेत, असे त्यांना वाटले. लंडनला वनस्पतीशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्याकडे त्यांनी पत्रांमागून पत्रे धाडली आणि पुढे ती छापूनही काढली. किडे भलतेच निघाले. त्यांच्यापासून धड रंगही निघेना. पण तोवर अँडरसन, बँक्स आणि कंपनीचे संचालक असे सगळेच त्या नादाला लागले होते.

नाद लागण्यासारखीच ती वस्तू होती. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात निवडुंगाच्या फड्यांवर हा किडा पोसला जाई. त्याची मादी वाळवून कुटली की गडद किरमिजी रंग निघे. पौंडभर मालासाठी सत्तर हजारांच्या आसपास किडे लागत. स्पेनच्या त्या वसाहतीतून चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात याच रंगाची होती. हे वाळलेले दाणे म्हणजे एखादे बी आहे की किडा, यावर युरोपातले विद्वान कित्येक वर्षे वाद घालत बसले होते, आणि स्पेनला ते सोयीचेच होते. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे लालभडक कोट याच रंगाचे असत. शत्रूकडून रंग विकत घ्यायचा आणि तो अंगावर घालून त्याच्याशीच लढायचे, हे लंडनला खुपत होते. १७७७ साली थिएरी द मेनोनव्हिल नावाच्या फ्रेंच माणसाने मेक्सिकोतून हे किडे निवडुंगासकट चोरून कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत नेले, तेव्हापासून तर ही चोरी साधण्याजोगी आहे, हेही सर्वांना कळून चुकले.

किडा हवा तर त्याचे अन्न आधी हवे. अँडरसन यांनी मद्रासजवळ सैदापेठेला निवडुंगाची बागच उभी केली आणि ती आपला भाचा अँड्र्यू बेरी याच्या हवाली केली. जगाच्या कानाकोपऱ्यांतून निवडुंगाच्या जाती मागवल्या, वाढवल्या आणि मागेल त्याला वाटल्या. स्कर्व्हीवर उपाय म्हणून खलाशांनी हे फडे खावेत, असाही त्यांचा आग्रह होता. फड्या निवडुंग भारतात त्याआधीच पोहोचला होता. त्याचे सारे कुळ मूळचे अमेरिकेचे; युरोपीय जहाजांच्या वर्दळीत ते इकडे आले असणार. अँडरसन यांनी त्यात भर घातली ती सरकारी पाठिंब्याची.

हीच हाव जगाच्या दुसऱ्या टोकालाही काम करत होती. ऑगस्ट १७८७ मध्ये कैद्यांसह अकरा जहाजांचा ताफा घेऊन कॅप्टन आर्थर फिलिप ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता. वाटेत रिओ दि जानेरोला त्याने किड्यांनी भरलेली निवडुंगाची रोपे जहाजावर चढवली. नव्या वसाहतीत रंगाचा धंदा उभा राहावा, हा हेतू. जानेवारी १७८८ मध्ये जहाजे सिडनीजवळ लागली. किडे टिकले नाहीत, निवडुंग टिकला.

भारतात किडा पोहोचला तो १७९५ साली. ५२व्या पलटणीतला कॅप्टन नीलसन बंगालकडे परतत होता. अँडरसन यांचा खटाटोप त्याला ठाऊक होता. त्याचे जहाज रिओला थांबले तेव्हा त्याने किड्यांसकट काही रोपे उचलली. कलकत्त्याला पोहोचेस्तोवर त्यातले थोडेच किडे जिवंत उरले होते. ते तिथल्या वनस्पती उद्यानात सोडण्यात आले आणि इकडे आधीपासून वाढलेल्या ओपन्शिया मोनाकँथा या निवडुंगावर त्यांनी असा काही जम बसवला की पुढच्याच वर्षी मद्रासलाही त्यांची रवानगी झाली. पण दैवाने इथे थट्टा केली. नीलसनने आणलेला किडा मेक्सिकोतला पाळीव किडा नव्हता. त्याचा हा रानटी भाऊ अंगावर कापसासारख्या मेणाचा जाड थर घेऊन वावरे आणि रंग द्यायला मात्र कद्रू. कंपनीने काही वर्षे माल विकत घेतला, खरा मेक्सिकन किडा आणून देणाऱ्याला दोन हजार पौंडांचे इनामही जाहीर केले. मद्रासचा रंग बाजारात कधी मान वर काढू शकला नाही.

रंगाचा हिशेब इथेच मिटला. शेताचा हिशेब मात्र इथून सुरू होतो.

या रानटी किड्याला निवडुंगाशिवाय दुसरे काही रुचत नव्हते, आणि त्यातही त्याचे लाड एकाच जातीचे. आजच्या शेतकऱ्याला पिठ्या ढेकूण माहीत असतो, तसेच याचे वागणे. पिल्ले वाऱ्यावर उडून नव्या फड्यावर जातात. मादी एकदा सोंड खुपसून बसली की जन्मभर तिथून हलत नाही. पांढरी पुटे चढत जातात, फडा आतून सुकतो, मग गळून पडतो. उत्तर भारतात ओपन्शिया मोनाकँथाची रानेच्या राने अशी झडून गेली. रंगाच्या दृष्टीने नालायक ठरलेला किडा निवडुंग मारायला फार लायक आहे, हे लक्षात आल्यावर १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडला गेला. १८६० च्या दशकात तो सिलोनला गेला. (त्याचे शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस सिलोनिकस पडले ते त्या बेटावरून, जरी त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत असले तरी.) तणावर कीटक सोडून तणाचा नायनाट करण्याचे जगातले पहिले यशस्वी उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आज या घटनेचे नाव घेतात. तेव्हा त्याचे कुणी फारसे कौतुक केलेले दिसत नाही. अपयशी धंद्याच्या उरलेल्या मालाचा उपयोग, एवढेच त्याचे महत्त्व होते.

एक जात गेली म्हणून निवडुंग गेला, असे झाले नाही. डिलेनाय आणि एलाटियर या दुसऱ्या जातींना हा किडा शिवतही नव्हता. रिकाम्या जागेत त्या पसरल्या. दख्खनच्या पठारावर गावाभोवती, मळ्यांच्या बांधांवर, पडक्या गढ्यांच्या आवारात, माळावर फड्या निवडुंगाची जाळी माजली. लावताना लोकांनी तो कुंपण म्हणून लावला, कारण ना पाणी घालावे लागे, ना राखण करावी लागे. गुरे तोंड घालत नाहीत आणि चोरही दोनदा विचार करतो. पण त्याचा तुटलेला प्रत्येक फडा जमिनीला टेकला की मुळे धरतो. पक्षी लाल बोंडे खाऊन बिया दूरवर टाकतात, पुराचे पाणी फडे वाहून नेते. आणि मोठ्या काट्यांहून वाईट ती बारीक कुसळे, जी बोटात गेल्याचे कळते ती काढता न आल्यावरच.

मराठी मुलखाने या झाडाशी आपला संसार मांडलाच. मुलांनी कुसळे घासून बोंडे खाल्ली आणि ओठ लाल केले. आयांनी डांग्या खोकल्यावर बोंडांचा रस दिला. दुष्काळात काटे जाळून फडे गुरांपुढे टाकले गेले. पुण्याच्या नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या जाळीत सापडला, अशी कथा आहे. तुकोबांची पालखी आजही तिथेच उतरते. म्हणजे निवडुंग नुसता उपद्रव नव्हता. तरीही पिकाऊ जमिनीचा तुकडा न् तुकडा त्याच्या घशात जात होता आणि कोयत्याने तोडून त्याला आवरणे म्हणजे त्याची लागवड करणेच होते.

याहून भयंकर प्रकार ऑस्ट्रेलियात चालला होता. तिथे माजलेली जात फिलिपने आणलेली नव्हती. ओपन्शिया स्ट्रिक्टा ही बुटकी, जमिनीलगत पसरणारी जात एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी कुंडीतून आणि कुंपणासाठी म्हणून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या आतल्या भागात पोहोचली. त्या मुलखात तिला खाणारे काहीच नव्हते. १९०० च्या सुमारास तिने चाळीस लाख हेक्टर जमीन व्यापली होती. १९२५ पर्यंत तो आकडा दोन कोटी चाळीस लाखांवर गेला. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्राच्या तीन चतुर्थांशाहून थोडे जास्तच. त्यातल्या निम्म्या जमिनीवर निवडुंग इतका दाट होता की माणूस आत शिरू शकत नव्हता. वसाहतवाल्यांनी घरे सोडली. सरकार साफ करण्याच्या अटीवर जमीन जवळजवळ फुकट देऊ करत होते आणि घ्यायला माणूस मिळत नव्हता. क्वीन्सलँड सरकारने १९०१ मध्ये उपाय शोधणाऱ्याला पाच हजार पौंडांचे बक्षीस लावले, १९०७ मध्ये ते दहा हजारांवर नेले. ते कुणालाच जिंकता आले नाही.

मग विषाचा मार्ग. क्वीन्सलँडमधल्या डुलाका इथे १९१२ मध्ये एक प्रयोग केंद्र निघाले आणि त्याची सूत्रे डॉ. जीन व्हाइट या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंकडे देण्यात आली. त्या काळात एका बाईला असे केंद्र मिळणे हीच बातमी होती. निवडुंगाने वेढलेल्या त्या आडगावात व्हाइट यांनी हजारो प्रयोग करून आर्सेनिक पेंटॉक्साइड सर्वात परिणामकारक ठरवले. ते मारक होते, पण महागही होते. निवडुंग मारायला लागणारा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त पडे. तरी पुढच्या काळात टनावारी विष वापरले गेले. एका आयोगाने तर बिया पसरवणारे म्हणून इमू आणि कावळ्यांच्या शिकारीला बक्षिसे लावली. आज वाचताना हा उपाय वेडेपणाचा वाटतो. पण निवडुंग पक्ष्यांपेक्षा स्वतःच्या तुटक्या फड्यांनीच जास्त पसरतो, हे तेव्हाच्या सरकारांना ठाऊक नव्हते असे नाही. काहीतरी केल्याचे दाखवणेही कारभाराचा भागच असतो.

याच धामधुमीत एक प्रवासी समिती नेमली गेली. हार्वे जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन हे दोघे शास्त्रज्ञ १९१२ ते १९१४ या काळात जगभर हिंडले, निवडुंग कुठे वाढतो आणि त्याला कोण खातो हे शोधत. वाटेत जावा, सिलोन, भारत लागला आणि इथेच त्यांना तो जुना किडा भेटला. सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी रिओहून कलकत्त्याला आलेला डॅक्टिलोपियस सिलोनिकस भारत-सिलोनमधून ऑस्ट्रेलियाला गेला आणि व्हाइट यांच्या केंद्रात वाढवण्यात आला. निकाल चोख आणि तितकाच चिडवणारा. ओपन्शिया मोनाकँथा, म्हणजे फिलिपने आणलेली जात, हां हां म्हणता साफ झाली. कोट्यवधी एकर गिळणाऱ्या स्ट्रिक्टाला किड्याने ढुंकूनही पाहिले नाही. ट्रायन यांनी अर्जेंटिनाहून एका पतंगाच्या अळ्याही आणल्या होत्या. त्यांची पैदास जमली नाही, आणि मग युद्ध सुरू झाले.

तो पतंग दहा वर्षांनी परत आला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मंडळाचे कीटकतज्ज्ञ अ‍ॅलन डॉड यांनी १९२५ मध्ये अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम या पतंगाची सुमारे २,७५० अंडी ब्रिस्बेनला आणली. पतंग दिसायला मळकट, साधा. मादीची रीत मात्र मोठी न्यारी: ती अंडी एकावर एक रचून सत्तर-ऐंशी अंड्यांची काडी करते आणि ती फड्याला अशी चिकटवते की बघणाऱ्याला काटाच वाटावा. अंडी फुटली की नारिंगी, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या एकत्र एकाच भोकातून आत घुसतात. आतला गर पोखरला जातो, पाठोपाठ जंतू शिरतात आणि फडा सडून कोसळतो. अर्जेंटिनाहून आलेल्या पहिल्या पिढीने सुमारे एक लाख अंडी दिली, पुढच्या पिढीने पंचवीस लाख. १९२६ मध्ये ती रानात सोडायला सुरुवात झाली. पुढची काही वर्षे माणसे अंड्यांच्या काड्या कागदाच्या तुकड्यांवर चिकटवून, ट्रकमधून नेऊन निवडुंगाला टोचत हिंडत होती. सोडलेल्या अंड्यांचा एकूण आकडा दोन-तीन अब्जांच्या घरात जातो.

१९३० ते १९३२ मध्ये निवडुंगाची राने डोळ्यांदेखत सडून खाली बसली. कितीतरी मैल नुसता चिखल. मग पतंगांना खायला काही उरले नाही, तेही मेले. बुंध्यांपासून निवडुंगाने पुन्हा डोके काढले आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पण उरलेल्या थोड्या पतंगांची संख्या पुन्हा वाढली आणि १९३३-३४ पर्यंत दुसऱ्यांदा सारे उरकले. बूनार्गा गावच्या लोकांनी १९३६ मध्ये गावात सभागृह बांधले आणि त्याला नाव दिले ‘कॅक्टोब्लास्टिस मेमोरियल हॉल’. कीटकाच्या नावाने बांधलेले असे सभागृह जगात दुसरे क्वचितच असेल.

ऑस्ट्रेलियाच्या या शोधाचा भारतालाही लाभ झाला, फक्त त्यातले पात्र निराळे होते. निवडुंगावर सोडून पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियाने अमेरिका खंडातून किती तरी कीटक आणवले होते. त्यात कोचिनीलच्याच घराण्यातला डॅक्टिलोपियस ओपन्शी हा किडा होता. तो ऑस्ट्रेलियाहून सिलोनला आणि १९२६ मध्ये सिलोनहून भारतात आला. डिलेनाय आणि एलाटियर या जातींवर, म्हणजे ज्यांनी शतकभर दख्खन आणि मद्रास इलाखा धरून ठेवला होता त्यांच्यावर, तो तुटून पडला. पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातली चाळीस हजार हेक्टरांहून अधिक जमीन मोकळी झाली. गावाबाहेरची जाळी पांढरी पडली, मग काळी, मग भुईसपाट. आज माळावर फड्या निवडुंग शोधावा लागतो याचे कारण हे. जो सापडतो त्याच्या फड्यावरचा पांढरा कापूस बोटाने चिरडला की आजही लाल रंग लागतो.

इथवरची गोष्ट सांगताना ऑस्ट्रेलियाची बाजू घेणे सोपे आहे. मादागास्करची घेतली की कथा दुसरीच होते. १७६९ च्या सुमारास मोदाव्ह नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बेटाच्या दक्षिण टोकाला, फोर्ट डॉफिनला, किल्ल्याच्या रक्षणासाठी ओपन्शिया मोनाकँथा लावला. तो पसरला आणि तिथल्या कोरड्या, पावसाला पारख्या मुलखात अंतांद्रुई लोकांच्या जगण्याचा आधार झाला. गुरे फड्यांवर जगत, माणसे फळांवर आणि उन्हाळ्यात त्यांच्यातल्या पाण्यावर. गावाभोवती निवडुंगाचे इतके दाट कोट होते की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच फौजांना दक्षिण जिंकताना हे कुंपणच सर्वात जास्त आड आले. वसाहतीतल्या काहींना हे सलत होतेच. १९२३ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ पेरिए द ला बाथी यांनी कोचिनीलच्याच घराण्यातला किडा मादागास्करमध्ये आणला, पुढच्या वर्षी तो दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर सोडला गेला. वाऱ्यावर स्वार होऊन तो पूर्वेकडे सरकला. १९२९ पर्यंत अंतांद्रुईंचा निवडुंग बव्हंशी संपला होता. १९३०-३१ मध्ये पावसाने पाठ फिरवली तेव्हा खायला निवडुंग नव्हता. गुरे कळपांनी मेली, माणसे भुकेने मेली, उरलेली उत्तरेकडच्या मळ्यांत मजुरीला निघून गेली. हे सर्व हेतुपुरस्सर घडवले गेले की निष्काळजीपणाने, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण किडा आणताना अंतांद्रुईंना कुणी विचारले नव्हते, यावर कुणाचे दुमत नाही.

कीटक एकदा सोडला की त्याची नेमणूक संपत नाही. ऑस्ट्रेलियातल्या यशाने हुरूप येऊन कॅक्टोब्लास्टिस १९५७ मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर नेण्यात आला. बेटाबेटाने पुढे सरकत १९८९ मध्ये तो फ्लोरिडात पोहोचला, जिथे निवडुंग परका नाही, मूळचा आहे आणि काही जाती आधीच दुर्मीळ आहेत. २००६ मध्ये तो मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेसवर दिसला. निवडुंग ज्या देशाच्या झेंड्यावर आहे, त्या देशात तो शेत आणि ताट दोन्हींत आहे, त्यामुळे मेक्सिको सरकारने तातडीने मोहीम काढून २००९ पर्यंत पतंगाचे तिथून उच्चाटन केले. मोरोक्कोला दुसऱ्या किड्याबाबत ते जमले नाही. तिथे निवडुंगाची फळे हा गरीब शेतकऱ्याचा पैसा आणि कुंपण हे गुरांचे अन्न. २०१४ मध्ये डॅक्टिलोपियस ओपन्शी तिथे पहिल्यांदा दिसला आणि काही वर्षांत खेड्यांभोवतीची कुंपणे पांढरी होऊन कोसळली. भारतात ज्या किड्याची वाखाणणी झाली, तोच तो.

आता महाराष्ट्रातला फड्या निवडुंग पुन्हा दारात उभा आहे, पण काटे काढून. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात अमेरिकेतून बिनकाट्याचा निवडुंग आणून लावून पाहिला. उरुळी कांचनच्या बाएफने दुष्काळी भागातल्या गुरांच्या चाऱ्यासाठी त्याचे काम हाती घेतले. २०२२ पासून केंद्र सरकारही पडीक जमिनींवर त्याची लागवड करण्याचा विचार मांडत आहे. चाऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि हे झाड त्याला लागू पडणारे आहे, यात शंका नाही. मात्र १९२६ ला सिलोनहून आलेल्या किड्याचे वंशज इथेच आहेत, माळावरच्या उरल्यासुरल्या जाळीत. त्यांना काट्यांची अडचण कधीच नव्हती.